जंत परत द्या

तोंडात ब्रश, हनुवटीवर फेस आणि अंगणात मोर्चा, अशी माझी ती सकाळ सुरू झाली.

"जंत परत द्या!" पुढचा माणूस ओरडला.

"परत द्या, परत द्या!" मागचे ओरडले.

मी तोंडातला फेस गिळून टाकला. थुंकायची जागा मोर्चाने व्यापली होती, दुसरं काही करताच आलं नसतं.

पुढचा माणूस म्हणजे दत्ताराम पाष्टे. त्याच्या एका हातात फुटकं कौल होतं आणि दुसऱ्या हाताची मूठ आभाळाकडे. मजा म्हणजे हे अंगण त्याचंच होतं. मी त्याच्याच घराच्या पडवीत भाड्याने राहत होते. उजाडता उजाडता तो स्वतःच्या घरातून बाहेर पडला, वरच्या वाडीतली माणसं गोळा केली आणि मोर्चा घेऊन स्वतःच्याच घरी आला.

माजघराचं दार उघडलं आणि त्याची बायको, शेवंतीवहिनी, हातात केरसुणी घेऊन बाहेर आली. ती हेदगावची सरपंच होती. तिने मोर्चाकडे एकदा नीट बघून घेतलं.

"अंगण सारवलंय. ओलं आहे अजून," ती म्हणाली. "चपला बाहेर."

मोर्चा थांबला. माणसं मुकाट्याने मागे गेली, चपला काढल्या, ओळीत लावल्या आणि पुन्हा आत येऊन अनवाणी उभी राहिली. मग दत्तारामने कौल पुन्हा उंचावलं.

"वांदरांचे जंत..."

"परत द्या!"

तेवढ्यात डॉक्टर मेढेकर सायकलवरून आले. आरडाओरडा ऐकून ते खताच्या गोदामातल्या आपल्या मुक्कामाच्या खोलीतून निघाले होते ते तसेच, एका पायात मोजा आणि दुसरा पाय उघडा. डॉ. प्रभंजन मेढेकर म्हणजे जंतांवर आयुष्य काढलेला माणूस. जंत शब्द उच्चारताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. मी त्यांची संशोधन सहायक, मिरजेहून आलेली, नुकतीच एम.एस्सी. झालेली.

"काय झालं? काय झालं?"

"तुमी आमच्या वांदरांच्या पोटातले जंत मारलेत," दत्ताराम म्हणाला. "तेव्हापासून त्यांच्या अंगात वारं शिरलंय. एका घराचं कौल धड राहिलेलं नाय. पावसाळा तोंडावर आलाय. ते जंत होते तसे परत घाला."

डॉक्टरांचा चेहरा असा उजळला, जणू कुणी त्यांना पेढा दिला.

"म्हणजे फरक तुम्हालाही जाणवला?" ते म्हणाले.

हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगायला हवं.

हेदगाव खाडीच्या काठावर. डोंगरउतारावर वरची वाडी, पाण्याजवळ खालची वाडी. दोन्ही वाड्यांत वानरांची एकेक टोळी, काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. डॉक्टरांचा प्रश्न साधा होता. रानातल्या प्राण्याच्या पोटात जंत असतात, तरी तो वरून आजारी दिसत नाही. मग जंत जे खातात ते येतं कुठून? डॉक्टरांचं म्हणणं, तो प्राणी हलणं कमी करतो. उड्या कमी, भांडणं कमी, खेळ जवळजवळ बंद. अंगातली शक्ती पोटातल्या पाहुण्यांवर जाते म्हणून घरधनी दिवस बसून काढतो.

हे खरं की खोटं ते बघायला वरच्या वाडीतल्या वानरांना केळ्यातून जंताची गोळी द्यायची आणि खालच्या वाडीतल्यांना नुसतं केळं. मग दोन्ही टोळ्यांकडे दिवसभर बघत बसायचं. कोण बसलंय, कोण चालतंय, कोण उडी मारतंय. आणि रोज सकाळी झाडाखाली जाऊन नमुने गोळा करायचे. 'नमुने' हा डॉक्टरांचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता.

"एवढी शिकलेली पोरगी," बायका पाणवठ्यावर म्हणायच्या, "नि वांदरांचं गू डबीत भरते."

महिन्याभरात माझं नाव जंतबाई पडलं. उल्का दाभाडे हे माझं खरं नाव गावात फक्त पोस्टमनला ठाऊक होतं.

वरच्या वाडीच्या टोळीत एक मोठा नर होता. गाव त्याला पेन्शनर म्हणायचं. तो शाळेच्या कौलांवर बसायचा, एक हात पोटावर, हनुवटी छातीवर टेकलेली. सकाळी शाळा भरताना तो तिथे असायचा आणि सुटतानाही तिथेच. कुणी दगड मारला तर तो दगडाकडे बघायचा. एकदा दगड त्याला लागला, तेव्हा त्याने दगड मारणाऱ्याकडे बघितलं, पण फार वेळ नाही.

त्याच्या तोडीचा बसणारा गावात एकच होता, आणि तो माझा घरमालक. दत्ताराम ओट्यावर, मातीच्या भिंतीला लागून असलेल्या खांबाला टेकून बसायचा. खांबावर त्याच्या पाठीचा तेलकट डाग होता. गाव त्याला खांबदत्तू म्हणायचं, तोंडावर. नारळ काढायला, लाकडं फोडायला, फाटक बांधायला, कशालाही बोलावलं तरी त्याचं उत्तर एकच, "बघू."

शेवंतीवहिनी सरपंच झाली ती बायकांसाठी राखीव जागेवर. आसपासच्या गावांतही बाई सरपंच होत्या, पण खुर्चीत त्यांचे नवरे बसायचे आणि बाई सही करायला यायच्या. हेदगावात मात्र बाईच सरपंच होती. तिचं कर्तृत्व होतंच, पण मुख्य कारण असं की पंचायतीचं ऑफिस गल्लीच्या टोकाला होतं आणि दत्तारामला तेवढं चालायचा कंटाळा. वहिनीने नळ आणले, शाळेला भिंत घातली, ग्रामसेवकाला वेळेवर यायला शिकवलं. आणि घरी आल्यावर नवऱ्याच्या नावाने जे बोलायची ते पडवीत मला रोज ऐकू यायचं. मला वानरांवर संशोधन करायला आणलं होतं, पण शिव्यांवर केलं असतं तर लवकर डॉक्टरेट मिळाली असती.

शिमग्याच्या सुमारास आम्ही केळी वाटली. सगळी टोळी खाली उतरली, फक्त पेन्शनर उतरला नाही. शेवटी डॉक्टरांनी शिडी लावली, शाळेच्या छपराशी गेले आणि केळं सोलून त्याच्या तोंडासमोर धरलं. त्याने ते खाल्लं आणि सालासाठी हात पुढे केला.

नंतर काय झालं ते मी वर्षानुवर्षं व्याख्यानांत सांगत आले आहे, पण तिथे तक्ते दाखवावे लागतात. खरं सांगायचं तर असं झालं: एके सकाळी प्रार्थना चालू असताना पेन्शनर उभा राहिला. नुसता उभा. मुलं प्रार्थना विसरली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. पेन्शनरने अंग ताणलं, शेपूट वर केली आणि शाळेच्या छपरावरून आंब्यावर उडी मारली. आंब्यावरून पाष्ट्यांच्या कौलांवर. तिथून सुताराच्या. तिथून देवळाच्या.

त्याच्यामागे सगळी टोळी. पंधरवड्यात वरच्या वाडीत माणसं घरातही छत्री घेऊन बसू लागली. वाळत घातलेली फणसाची साटं, म्हणजे फणसपोळ्या, चटईसकट गेली. डिश अँटेना वानरांनी अशी फिरवली की आठवडाभर वाडीने बंगाली बातम्या बघितल्या. वानरांची पोरं दिवसभर शिवाशिवी खेळायची, कौलांवर. डॉक्टर दुर्बीण डोळ्याला लावून उभे असायचे आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं.

"उल्का, बघतेस? खेळतायत! उधळतायत शक्ती!"

खालची वाडी खुशीत होती. तिथले वानर पूर्वीसारखेच फांद्यांवर लटकून असायचे. खालच्या वाडीचे रघूअण्णा घाणेकर वरच्या वाडीतून जाताना मुद्दाम थांबायचे, फुटकी कौलं बघायचे आणि म्हणायचे, "आमच्याकडं शांती आहे हो. जंत आहेत ना."

आता पुन्हा अंगणात येऊ.

"जंत परत घालता येत नाहीत," डॉक्टर समजावत होते.

"काढता आले ते घालता कसे येत नाहीत?"

"कारण ते मेले."

 मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "अरेरे."

"आमच्या वांदरांचे घ्या," रघूअण्णा मधेच म्हणाले. ते मोर्चात नव्हते, नुसते बघायला आले होते. "हवे तेवढे आहेत. गावाच्या कामाला नाय कशाला म्हणू?"

"तसं नाही करता येत. पण ते आपोआप येतील परत," डॉक्टर म्हणाले. "मातीतून, पानांवरून, हळूहळू. पुढच्या वर्षापर्यंत..."

"पुढच्या वर्षी! नि पावसाळा कौलांशिवाय काढायचा?" दत्तारामने आवाज चढवला. "आमच्या गावचे जंत मारायला ग्रामसभेला विचारलं होतं काय?"

"विचारलं होतं. ठराव झाला. तुमच्या मिसेसची सही आहे."

"मला विचारलं होतं?"

"विचारलं होतं," मी म्हणाले. "तुम्ही 'बघू' म्हणालात."

मोर्चा हसला. दत्ताराम नाही हसला. पूर्वी तो हसला असता, किंवा निदान खांबाला टेकला असता. आता तो ओट्यावर चढला आणि वळून उभा राहिला. इतकं ताठ मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

"आज ऊन उतरलं की शाळेत ग्रामसभा," तो म्हणाला. "दोन्ही वाड्यांनी यायचं. मी बोलावतोय."

"ग्रामसभा सरपंच बोलावतात," वहिनी म्हणाली.

"म्हणून तर मी बोलावतोय."

वहिनीच्या हातातली केरसुणी थांबली. माणसं आपापल्या चपला शोधायला लागली आणि दत्ताराम त्यांच्या पुढे, लांब लांब ढांगा टाकत, पंचायतीच्या ऑफिसकडे निघून गेला.

दुपारी मी आणि डॉक्टर गोदामात होतो. डॉक्टर काळजीत पडले होते. प्रकल्प बंद पाडला तर सगळा उन्हाळा पाण्यात, आणि पुन्हा कुठल्या गावाने आम्हाला दारात उभं केलं असतं कोण जाणे. दारावर थाप पडली. वहिनी आत आली, दार लावून घेतलं आणि झाकलेलं पातेलं टेबलावर ठेवलं. त्यात घावणे होते. वहिनी घावणे घेऊन आली म्हणजे तिला काहीतरी हवं होतं, एवढं मला कळत होतं.

"डॉक्टर, वांदरांचं तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा. माणसात परत घालता येतात काय?"

"काय?"

"जंत."

"कुठल्या माणसात?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं, मग पातेल्याकडे.

"आमच्या ह्यांच्यात."

डॉक्टरांनी नुकताच उचललेला घावणा हवेतच राहिला.

"शिमग्यात तुम्ही त्या पेन्शनरला खाली बोलावत होतात," वहिनी सांगू लागली. "तो येईना. त्याच्या नावाचं केळं टोपलीत तसंच पडलं होतं. तुम्ही शिडी आणायला गेलात, त्याला दुसरं दिलंत. पहिलं मी पदराखाली घेतलं. तुम्हीच म्हणालात ना, पोटातले पाहुणे गेले की खाल्लेलं अंगी लागतं? मी म्हटलं, वांदराला लागतं तर आमच्या घरात काय वेगळं बसलंय?"

"आणि त्यांनी खाल्लं?"

"कडू आहे म्हणाले. मी म्हटलं, वेलची केळी असतात अशी."

"वहिनी!" डॉक्टर उभेच राहिले. "गोळी माणसांचीच आहे, शाळेत मुलांना देतात तीच, म्हणून बरं. पण असं न विचारता कुणाला औषध द्यायचं नसतं. त्यांना विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर काय म्हणाले असते?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. 

"मग हळूहळू सुरू झालं," वहिनी म्हणाली. "एकदा पाणी प्यायला स्वतः उठले. मी दचकले, वाटलं घरात कुणी शिरलं. मग फाटक बांधलं. मग माडावर चढले. मी देवाला नारळ ठेवला, त्यांनीच काढलेला. तोपर्यंत बरं होतं. मग पंचायतीत यायला लागले. माझ्या खुर्चीत बसायला लागले. ग्रामसेवक आता कागद त्यांच्यापुढं ठेवतो. परवा मला म्हणाले, शेवंते, तू दमतेस, घरी राहा, सहीपुरती ये." तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "एवढी वर्षं आमच्या गावात हे झालं नाय. का झालं नाय ते मला कळलंच नव्हतं. मला वाटलं, मी खमकी म्हणून. तर ते जंतांमुळं."

मला हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती. पण डॉक्टर अजिबात हसत नव्हते. ते खुर्ची ओढून वहिनीसमोर बसले.

"मला सांगा, पूर्वी चढण चढताना त्यांना धाप लागायची?"

"चढण? ओटा चढताना लागायची. आम्ही म्हणायचो, सोंग करतात."

"नखं पांढरी होती?"

"होती."

"भात, भाकरी सोडून आणखी काही खायचे? माती वगैरे?"

वहिनीने दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाली, "भिंतीचे पोपडे. चोरून. मला वाटायचं, उंदीर पाडतात. एकदा तोंडाला माती बघितली, तेव्हा कळलं. मी कुणाला बोलले नाय. लाज वाटली."

"आणि पायांत चपला?"

"जन्मात नाय घातल्या."

डॉक्टरांनी घावणा पातेल्यात परत ठेवला.

"अंकुशकृमी," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जंतांबद्दल माया नव्हती. "ओल्या मातीतून तळपायात शिरतात. आतड्याला आकडा लावून बसतात आणि रक्त पीत राहतात, वर्षानुवर्षं. वहिनी, ते आळशी नव्हते. त्यांच्या अंगात पुरेसं रक्तच नव्हतं. एवढ्या रक्तावर माणूस करणार काय? बसणार."

गोदामात खताचा वास होता आणि कौलांवरून कुणीतरी धावत गेलं, वानरच. वहिनी हलली नाही.

"मी त्यांना काय काय बोलले आहे, माहीत आहे काय तुम्हाला?" ती म्हणाली.

मला माहीत होतं, शब्दन् शब्द.

"त्यांना तालुक्याला न्या," डॉक्टर म्हणाले. "रक्त तपासा. लोहाच्या गोळ्या लागतील. एका केळ्याचं काम नाही हे. आणि चपला घालायला लावा."

मला वाटलं, आता ही रडणार. डोळ्याला पदर गेलाही, पण तिने फक्त घाम पुसला.

"म्हणजे ते परत घालायचे नाय," ती म्हणाली.

"नाही."

"बरं. बरोबर आहे." ती उठली. "मग खुर्चीचं माझं मलाच बघायला हवं."

पातेलं ती तिथेच ठेवून गेली.

ऊन उतरलं. शाळेच्या पटांगणात दोन्ही वाड्या जमल्या. दत्ताराम आधीच खुर्चीत होता, इस्त्रीचा शर्ट घालून. पण तो खुर्चीत बसला होता असं म्हणता येणार नाही. एक पाय हलत होता, बोटं टेबलावर वाजत होती, मधेच तो उठायचा, पाण्याची घागर सरळ करायचा, सतरंजीचं टोक ओढायचा आणि पुन्हा बसायचा.

"विषय पहिला," त्याने सुरुवात केली, "वांदरांचे जंत. विषय दुसरा, जंतडॉक्टरला गावाबाहेर..."

वहिनी माणसांमधून पुढे आली. तिने आवाज चढवला नाही.

"अहो, उठा."

"मी बोलतोय."

"बोला. उभ्यानं बोला. खुर्ची बसणाऱ्यासाठी असते. तुम्हाला आता बसवत नाय. बघा, पाय कसा नाचतोय."

सगळ्यांनी दत्तारामच्या पायाकडे बघितलं. दत्तारामनेही बघितलं. त्याने तो पाय हाताने दाबून धरला, तर दुसरा सुरू झाला.

"तुम्ही इतकी वर्षं बसलात, मी काय काय बोलले," वहिनी म्हणाली. "ते माझं चुकलं. चारचौघांत सांगते, चुकलं. तुमच्या अंगात रक्त नव्हतं. तुम्ही आजारी होता नि आम्ही सगळे तुम्हाला खांबदत्तू म्हणत हसलो."

 रघूअण्णांनी टोपी काढून पुन्हा घातली. दत्ताराम बायकोकडे बघत राहिला. त्याचा पाय थांबला.

"आजारी?" तो म्हणाला.

"आजारी. आता बरे होताय. उद्या आपण दोघं तालुक्याला जायचं, डॉक्टरला दाखवायचं. पण म्हणून माझी खुर्ची तुम्हाला नाय मिळणार."

दत्तारामने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होता ते आजवर कुणाला कळलेलं नाही, कारण नेमक्या त्याच क्षणी शाळेच्या छपरावरून पेन्शनर खाली आला. टेबलावर उतरला, ग्रामसभेकडे बघितलं आणि दत्तारामच्या शेजारी ठेवलेली त्याची इस्त्रीची टोपी उचलून पळाला.

"अरे!" दत्ताराम उठला. खुर्ची मागे पडली. तो टेबलावरून उडी मारून पलीकडे गेला, शाळेच्या भिंतीवरून आंब्याच्या फांदीला लटकला आणि आरडाओरडा करत उतारावरून पेन्शनरच्या मागे दिसेनासा झाला. बराच वेळ नुसता आवाज येत होता, कधी वरच्या वाडीतून, कधी देवळामागून.

वहिनीने खुर्ची सरळ केली. तिच्यावर बसली. कागद पुढे ओढले.

"विषय पहिला," ती म्हणाली. "वानरं राखायला गावाला माणूस हवा. दिवसभर पळू शकेल असा. कुणाचं नाव?"

रघूअण्णांनी हात वर केला. "दत्ताराम पाष्टे."

"अनुमोदन," वरची वाडी म्हणाली.

"ज्यांचं नाव आलंय ते इथं नायत," ग्रामसेवक चाचरत म्हणाला.

"आहेत की," वहिनी म्हणाली. "कामावर रुजू झाले."

ठराव एकमताने मंजूर झाला. दुसऱ्या विषयात डॉक्टरांना गावाबाहेर काढण्याऐवजी कौलं परतायच्या कामाला लावलं. त्यानंतर पावसापर्यंत मेढेकर रोज सकाळी शिडीवर उभे असायचे, दत्ताराम छपरावर. डॉक्टर खालून कौल द्यायचे आणि तो लावायचा. मधूनच तो काम टाकून वानरांच्या मागे धावायचा, तेव्हा डॉक्टर कौल काखेत धरून घड्याळ बघायचे. दत्ताराम दमतो की नाही हे मोजायची त्यांना भारी हौस होती. तालुक्याच्या डॉक्टरने दिलेल्या गोळ्या तो घेत होता, आणि दिवसेंदिवस कमी दमत होता.

मी मात्र त्या उन्हाळ्यानंतर वानरांकडे फारशी वळले नाही. पुढची सगळी वर्षं मी माणसांच्या पोटांत काढली. आळशी म्हणून ठरवलेल्या माणसांच्या नखांकडे बघायची मला सवय लागली. त्यातून काय काय निघालं ते वेगळं सांगेन. पण हेदगाव सोडायच्या आदल्या दिवशीचं एक सांगायचं आहे.

मी ओट्यावर सामान बांधत होते. वहिनी तांदूळ निवडत होती. खालच्या वाडीच्या बाजूने ओरडणं ऐकू आलं आणि थोड्या वेळाने दत्ताराम अंगणात आला. नखशिखांत भिजलेला. खारफुटीचा पाला केसांत अडकलेला, नव्या चपला हातात.

"काय हो हे?" वहिनी म्हणाली.

"तो पेन्शनर होडीवर बसून गेला पलीकडं. मी म्हटलं, जातोस कुठं? घेतली खाडीत उडी." तो धापा टाकत होता, पण हसत होता. "पलीकडं गाठला त्याला. भूक लागलीय गो. भात आहे काय?"

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. सूप तिच्या मांडीवर तसंच होतं. मग ती हसायला लागली, तोंडावर हात धरून, खांदे हलवत. मी तिला तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. दत्ताराम बुचकळ्यात पडून आत गेला.

"आमचं माहेर खाडीच्या पलीकडं, जंतबाई," ती मला हळू आवाजात म्हणाली. "हे मला बघायला यायचे होते. होडी चुकली. तर पोहून आले. असेच, पाला डोक्यात. ओलेच बसले पोहे खायला. वडील म्हणाले, हा येडा आहे, नको. मी म्हटलं, हाच." तिने सूप बाजूला ठेवलं. "लग्नानंतर दोनेक वर्षांतच बसले ते बसलेच. मला वाटायचं, दुसराच कुणी घरात आणून ठेवलाय."

आतून पाट सरकवल्याचा आवाज आला. वहिनी उठली, चुलीकडे गेली. मी दारातून बघितलं. तिने त्याला पंचा दिला नाही. तो तसाच निथळत पाटावर बसला, तिने भात वाढला, आमटी वाढली आणि त्याच्यासमोर भिंतीला टेकून ती बघत बसली.